एमडी-एमएसचा प्रबंध: विषय ठरवण्यापासून प्रत जमा करेपर्यंतचा क्रम

एमडी किंवा एमएसचा प्रबंध शेवटच्या वर्षी लिहायला बसल्यावर बिघडतो, असा बहुतेक रेसिडेन्टांचा समज असतो. प्रत्यक्षात तो पहिल्या सहा महिन्यांतच बिघडलेला असतो आणि लिहायला बसल्यावर ते फक्त उघडकीस येते. एथिक्स कमिटीसमोर (संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या समितीसमोर) येणारे प्रस्ताव आणि पुढे त्यांचेच झालेले प्रबंध अनेक वर्षे वाचताना मला एकच दोष पुन्हा पुन्हा दिसला आहे. जे काम आधी करायचे ते नंतर केले जाते. रुग्णांची माहिती गोळा होते, मग प्रश्न शोधला जातो. तक्ता भरला जातो, मग संख्याशास्त्रज्ञाची गाठ घेतली जाते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पूर्ण करावेत.

समजायला सोपे जावे म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: वैद्यकशास्त्र विभागाच्या मधुमेह ओपीडीत येणाऱ्या टाइप २ मधुमेहींमध्ये पायाची संवेदना कमी झालेले रुग्ण किती, आणि त्याचा एचबीए१सीशी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीशी) संबंध आहे का.

## पूर्वतयारी: कामाला हात लावण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे छत्तीस महिन्यांचे एक कागदी कॅलेंडर करावे. प्रबंध लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करायचा असतो, म्हणजे हातात तीस महिनेच आहेत. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीसाठी, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम करण्यासाठी, महाविद्यालयाबाहेर जावे लागते. त्या काळात आपल्या ओपीडीतला एकही रुग्ण नोंदवता येणार नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येते ते पोस्टिंगचा आदेश हातात पडल्यावर. हे तीन महिने आजच कॅलेंडरवर खोडून टाकावेत. सिनॉप्सिसची (मंजुरीसाठी द्यायच्या प्रबंधाच्या आराखड्याची) अंतिम तारीख मात्र सीनियरच्या आठवणीवरून धरू नये. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात असाल तर आपल्या तुकडीसाठी निघालेले परिपत्रक स्वतः वाचावे; अभिमत विद्यापीठ आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) यांचे वेळापत्रक आणि नमुने वेगळे असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. त्याची नोंदणी बाराही महिने खुली नसते, म्हणून पहिली संधी मिळताच नाव घालावे. प्रमाणपत्रापुरता तो उरकू नये. नमुना निवड आणि अभ्यासाचे प्रकार यांवरील धडे सिनॉप्सिस लिहिण्याआधी ऐकले, तर पुढचे निम्मे शेरे टळतात.

तिसरी गोष्ट ग्रंथालयाची. ग्रंथपालांना एकदा प्रत्यक्ष भेटून कोणती नियतकालिके उपलब्ध आहेत आणि वसतिगृहातून ती उघडता येतात का, हे विचारून घ्यावे. शासकीय संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाले असून त्यात सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. तरीही फक्त सारांश वाचून संदर्भ देणारे रेसिडेन्ट मला दर वर्षी भेटतात.

## टप्पा १: विषय नव्हे, प्रश्न

‘मधुमेही रुग्णांतील न्यूरोपॅथीचा (नसा कमजोर होण्याचा) अभ्यास’ हा विषय झाला. ‘आमच्या मधुमेह ओपीडीत येणाऱ्या, आजाराला पाच वर्षांहून अधिक काळ झालेल्या प्रौढ टाइप २ मधुमेहींपैकी किती जणांची पायाची संवेदना कमी झाली आहे?’ हा प्रश्न झाला. प्रश्नात रुग्ण कोण, काय मोजणार, कोणाशी तुलना आणि कुठे, या चार गोष्टी दिसल्या पाहिजेत. तुलना नसेल तर तसे स्पष्ट ठरवावे.

प्रश्न ठरवण्याआधी पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर) शोध घ्यावा, पण शब्द टाकून पहिली दोन पाने पाहणे म्हणजे शोध नव्हे. विषयाची मेश संज्ञा (त्या सूचीने विषयासाठी ठरवलेला शब्द) शोधावी, कोणते शब्द कोणत्या तारखेला टाकले आणि किती लेख मिळाले हे वहीत लिहावे, आणि प्रत्येक उपयोगी लेख त्याच दिवशी झोटेरो किंवा मेंडेली या संदर्भ सांभाळणाऱ्या साधनात साठवावा. ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. संदर्भसूची शेवटी हाताने टाइप करण्याचा हट्ट केलेल्या माणसाला अठ्ठावीस क्रमांकाचा संदर्भ काढून टाकायला सांगितले की काय होते, हे मी पाहिले आहे.

उद्दिष्टे दोन किंवा तीन असावीत. सिनॉप्सिसमध्ये सात उद्दिष्टे दिसली की त्यातली चार गाइडना खूश करण्यासाठी घातली आहेत, असे समजायला हरकत नसते, आणि त्या चारांचे उत्तर प्रबंधात कधीच सापडत नाही.

तपासून पहा: आपला प्रश्न दुसऱ्या विभागातल्या मित्राला एकाच वाक्यात सांगावा. तो ‘म्हणजे नक्की काय मोजणार?’ असे विचारत असेल, तर हा टप्पा अजून पूर्ण झालेला नाही.

## टप्पा २: रिकामे तक्ते आणि व्याख्या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. एकही रुग्ण पाहण्याआधी प्रबंधात शेवटी येणारे तक्ते रिकामे काढावेत: वयोगटानुसार संवेदना कमी झालेल्यांची संख्या, एचबीए१सीच्या गटांनुसार संख्या, आजाराच्या कालावधीनुसार संख्या. तक्त्यातल्या प्रत्येक रकान्यासाठी प्रोफॉर्मात (रुग्णाची माहिती भरायच्या नमुन्यात) एक प्रश्न हवा, आणि प्रोफॉर्मातला जो प्रश्न कोणत्याच तक्त्यात जात नाही तो काढून टाकावा. असे केले की आठ पानी प्रोफॉर्मा अडीच पानांवर येतो.

त्यानंतर व्याख्या लिहाव्यात. ‘संवेदना कमी’ म्हणजे काय? १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासण्याचा नायलॉनचा तंतू) पायाच्या कोणत्या जागांवर लावणार, प्रत्येक जागी किती वेळा, आणि किती वेळा जाणवले नाही तर ‘कमी’ धरणार, हे आधी ठरले पाहिजे. तपासणीची रीतसुद्धा लिहून ठेवावी. मोनोफिलामेंट आधी रुग्णाच्या हाताला लावून तो स्पर्श कसा असतो हे त्याला कळू द्यावे, मग डोळे मिटायला सांगावे, तंतू त्वचेला काटकोनात धरून तो वाकेपर्यंतच दाबावा, आणि घट्टा पडलेल्या जागी लावू नये. ‘आता लागतंय का?’ असे प्रत्येक वेळी विचारले की आजी आपल्याला बरे वाटावे म्हणून दर वेळी ‘हो’ म्हणतात. म्हणून ‘जेव्हा लागेल तेव्हा सांगा’ असे एकदाच सांगून अधूनमधून स्पर्श न करता थांबावे.

सावधान: दुसऱ्याने तयार केलेली प्रश्नावली किंवा गुणांकनपद्धती वापरणार असाल तर तिचा वापर मुक्त आहे की परवानगी लागते, हे इथेच पहावे. काही प्रसिद्ध चाचण्या स्वामित्वहक्काखाली आहेत.

## टप्पा ३: नमुना संख्या आणि वेळेचा हिशेब

‘गाइड म्हणाले शंभर घे’ हे नमुना संख्येचे समर्थन होत नाही. एखाद्या गोष्टीचे प्रमाण काढायचे असेल तर नेहमीचे सूत्र असे: १.९६ चा वर्ग, गुणिले अपेक्षित प्रमाण, गुणिले उरलेले प्रमाण, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. समजा, आपल्यासारख्याच रुग्णांवरील आधीच्या अभ्यासात हे प्रमाण २० टक्के आहे आणि आपल्याला ५ टक्क्यांची चूक चालणार आहे. उत्तर २४६ येते. चूक १० टक्के धरली तर ६२ रुग्ण पुरतात, पण मग निष्कर्ष ‘१० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान’ इतका सैल निघतो. रुग्ण कमी पुरावेत म्हणून १० टक्के धरण्याची युक्ती परीक्षकांना पाठ आहे.

सर्वाधिक होणारी चूक मात्र वेगळी आहे. ‘५ टक्के चूक’ म्हणजे निव्वळ पाच टक्के (२० चे १५ ते २५) की अपेक्षित प्रमाणाच्या पाच टक्के (२० चे १९ ते २१)? दुसरा अर्थ घेतला तर संख्या सहा हजारांच्या वर जाते. सिनॉप्सिसमध्ये कोणता अर्थ घेतला ते शब्दांत लिहावे, आणि अपेक्षित प्रमाण कोणत्या लेखातून घेतले त्याचा संदर्भ द्यावा. दोन गटांची तुलना असेल तर हे सूत्र चालत नाही. त्यासाठी ओपनएपीसारखे विनामूल्य साधन वापरावे आणि उत्तर संख्याशास्त्रज्ञांकडून तपासून घ्यावे.

दहा टक्के रुग्णांची माहिती अपुरी राहील असे धरायचे असेल तर २४६ ला ०.९ ने भागावे. उत्तर २७४ येते. २४६ मध्ये सरळ दहा टक्के मिळवले तर २७१ येतात, आणि ते चूक आहे.

आता कॅलेंडर पुन्हा समोर घ्यावे. मधुमेह ओपीडी आठवड्यातून एकदा भरते आणि आपल्या निकषांत बसणारे सरासरी सात नवे रुग्ण त्या दिवशी मिळतात असे धरले, तर २७४ रुग्णांना चाळीस आठवडे लागतात. त्यात सणांच्या सुट्ट्या, रात्रपाळीनंतरच्या सुट्ट्या आणि जिल्हा रेसिडेन्सी मिळवल्यावर वर्ष सहज उलटते. हिशेब बसत नसेल तर प्रश्न बदलावा. नंतर रुग्ण ‘भरून काढण्याची’ वेळ येऊ देऊ नये. प्रोफॉर्मा खोलीत बसून भरले जातात ते याच हिशेबाच्या अभावी, आणि तो गैरप्रकार आहे हे वेगळे सांगायला नको.

तपासून पहा: सात हा आकडा अंदाजाने लिहिला आहे की मागच्या तीन महिन्यांचे ओपीडी रजिस्टर मोजून? रजिस्टर सिस्टरांकडे मागितले तर मिळते.

## टप्पा ४: एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय

क्रम असा: विभागात सादरीकरण, वैज्ञानिक छाननी समिती, एथिक्स कमिटी, गरज असल्यास सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीतील) नोंदणी, आणि त्यानंतर पहिला रुग्ण. यातले कोणतेही दोन टप्पे उलटे करू नयेत.

आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटी प्रस्ताव तीनपैकी एका मार्गाने तपासते: परीक्षणातून सूट, जलद परीक्षण, किंवा पूर्ण समितीसमोर परीक्षण. कोणता मार्ग लागू होतो हे समिती ठरवते, अर्जदार नाही. ‘माझा अभ्यास फक्त जुन्या केस पेपरांचा आहे, मला परवानगी लागत नाही’ असे म्हणून थेट एमआरडीत (जुने केस पेपर ठेवणाऱ्या विभागात) जाऊन बसणाऱ्यांना नंतर मागील तारखेची परवानगी हवी असते. ती मिळत नाही.

प्रस्ताव परत येण्याची कारणे ठरलेली असतात. आमच्या उदाहरणात पहिले कारण एचबीए१सीच्या खर्चाचे असेल. उपचारासाठी ती तपासणी होणारच असेल तर प्रश्न नाही. केवळ अभ्यासासाठी करायची असेल तर तिचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही, आणि पैसे कुठून येणार हे प्रस्तावात लिहावे लागते. दुसरे कारण, अभ्यासात दोष सापडलेल्या रुग्णाचे पुढे काय, याचे उत्तर नसते. पायाची संवेदना गेल्याचे आपल्याला कळले आणि आपण फक्त तक्त्यात खूण केली, असे चालणार नाही. पायाची काळजी समजावणे आणि उपचारासाठी पाठवणे हा पद्धतीचा भाग म्हणून लिहावा. तिसरे कारण म्हणजे इंग्रजी आणि मराठी संमतिपत्रांत तफावत असते.

अभ्यासात उपचार, औषध किंवा शस्त्रक्रियेची पद्धत वाटून दिली जात असेल तर ती क्लिनिकल ट्रायल ठरते आणि सीटीआरआयवर नोंदणी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी स्वीकारली जाते, म्हणजे पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची. एथिक्स कमिटीचे पत्र जोडून अर्ज केला तरी शंका विचारल्या जातात, दुरुस्त्या मागितल्या जातात. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत थांबावे.

सावधान: गाइडांची बदली झाली, निकष बदलले, प्रोफॉर्मात नवा प्रश्न घातला, तर एथिक्स कमिटीला लेखी कळवून दुरुस्तीची मान्यता घ्यावी. शासकीय महाविद्यालयात बदली ही अपवादात्मक घटना नाही, म्हणून सहगाइडांचे नाव सुरुवातीपासून असलेले बरे.

## टप्पा ५: रुग्णाला कळेल असे माहितीपत्रक

अनेक मराठी संमतिपत्रे मराठी माणसाला कळत नाहीत. एका पत्रकात मी ‘आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल’ असे वाचले आहे. त्याऐवजी ‘कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, ते डॉक्टरांच्या किंवा तुमच्या निवडीवर नसेल’ असे लिहिता येते. ‘परिधीय चेतापेशीविकृती’ऐवजी ‘साखरेमुळे पायाच्या नसा कमजोर होऊन स्पर्श न कळणे’ पुरते.

पत्रक असे तयार करावे: आधी मराठीत स्वतंत्रपणे लिहावे, मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेले नाही अशा व्यक्तीकडून ते इंग्रजीत करून घ्यावे आणि दोन्ही ताडून पहावे. शेवटी ते ओपीडीतल्या मामांना किंवा मावशींना वाचून दाखवावे. त्यांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगितले तर पत्रक तयार आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्याच्या सीमेवरच्या रुग्णालयांत हिंदी किंवा तेलुगू, तर कोल्हापूर-सोलापूरकडे कन्नड प्रतही लागते.

सहभाग नाकारला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य पत्रकात असतेच. ते तोंडीही सांगावे, आणि घाईच्या रांगेत नव्हे तर बाकावर बसवून सांगावे. अंगठा घ्यावा लागला तर तटस्थ साक्षीदाराची सही हवी. आपल्याच युनिटचा दुसरा रेसिडेन्ट किंवा इंटर्न हा तटस्थ साक्षीदार नव्हे. सात ते अठरा वयोगटातील मुले सहभागी असतील तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाची अनुमती लागते, बारा वर्षांपर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी.

तपासून पहा: संमतीची तारीख ही तपासणीच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवसाची आहे ना? दर शुक्रवारी त्या आठवड्याची पत्रके काढून पहावीत.

## टप्पा ६: आधी दहा रुग्ण, मग सगळे

मंजुरीनंतर पहिल्या आठ-दहा रुग्णांवर प्रोफॉर्मा वापरून पहावा. किती मिनिटे लागतात, कोणता प्रश्न दोनदा विचारावा लागतो, कोणता रकाना रिकामाच राहतो, हे टिपावे. दोघे जण तपासणी करणार असतील तर त्याच पाच रुग्णांना दोघांनी स्वतंत्रपणे तपासून उत्तरे जुळतात का पहावे. हे चाचणी रुग्ण मुख्य विश्लेषणात घेणार की नाही, हे सिनॉप्सिसमध्येच ठरलेले असावे.

रुग्णाचे नाव आणि केस पेपर क्रमांक एका वेगळ्या यादीत, कुलुपात राहतील. प्रोफॉर्मावर फक्त अभ्यासाचा क्रमांक असेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर रुग्णाच्या पायाचा फोटो आणि त्याखाली नाव, असे करू नये. पायाचा फोटो घ्यायचा असेल तर त्यासाठी संमतिपत्रात वेगळी ओळ हवी.

नकार देणाऱ्यांचीही मोजणी ठेवावी. किती जणांना विचारले, किती अपात्र निघाले, कितींनी नकार दिला, हे आकडे प्रबंधाच्या पहिल्याच आकृतीत लागतात आणि नंतर आठवून लिहिता येत नाहीत.

## टप्पा ७: मास्टर चार्ट

मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या रुग्णांच्या माहितीचा एकत्र तक्ता. त्यात एक ओळ म्हणजे एक रुग्ण, एक रकाना म्हणजे एक माहिती. एका प्रबंधाच्या एक्सेलमध्ये लिंगाच्या रकान्यात ‘पु’, ‘पुरुष’, ‘पुरूष’ आणि मागे एक रिकामी जागा असलेला ‘पुरुष’ असे चार प्रकार होते, आणि संगणकाने त्या अभ्यासात चार प्रकारचे पुरुष मोजले. म्हणून शब्दांऐवजी आकडे वापरावेत (१, २), त्यांचा अर्थ सांगणारी संकेतसूची वेगळ्या पानावर ठेवावी, आणि रकान्यात ठरावीक उत्तरेच निवडता येतील अशी सोय करावी. एपी इन्फो किंवा कोबो टूलबॉक्स वापरले तर ही सोय आपोआप होते.

वय गटात नव्हे, वर्षांत लिहावे. गट नंतर करता येतात, गटांचे वय परत करता येत नाही. एचबीए१सीसाठीही तेच. माहिती नसेल तर शून्य टाकू नये. शून्य हा आकडा आहे. रंग भरून माहिती दाखवू नये. माहिती त्याच आठवड्यात भरावी, आणि दर महिन्याला तारीख घातलेली प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. लॅपटॉप चोरीला गेला, पेन ड्राइव्ह उघडत नाही, ही कारणे मी सहानुभूतीने ऐकली आहेत, पण त्यांनी तारीख पुढे जात नाही.

## टप्पा ८: विश्लेषण

टप्पा २ नीट झाला असेल तर इथे फारसे काम उरत नाही: रिकामे तक्ते भरायचे. जामोवी आणि आर ही साधने विनामूल्य आहेत. चोरीचे सॉफ्टवेअर वापरून प्रबंधात त्याची आवृत्ती अभिमानाने छापू नये.

तीन चुका मात्र नेहमी दिसतात. ओपीडीतल्या रुग्णांवरून ‘महाराष्ट्रातील मधुमेहींमध्ये प्रमाण’ असा निष्कर्ष काढला जातो. आपल्याला फक्त आपल्या ओपीडीविषयी बोलता येते. संबंध आढळला की ‘एचबीए१सी वाढल्यामुळे’ असे लिहिले जाते, जरी अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचा असला आणि कशामुळे काय झाले हे त्यातून ठरत नसले. आणि पी-मूल्य (संबंध नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ‘०.०००’ असे छापले जाते, ते ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे आणि त्याच्याशेजारी ९५ टक्के विश्वासार्हता मर्यादा द्याव्यात. निकाल नकारात्मक आला तर तो तसाच लिहावा. काहीतरी ‘सिग्निफिकंट’ निघेपर्यंत गट पाडत बसणे परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

## टप्पा ९: लेखन आणि साम्यतपासणी

पद्धतीचे प्रकरण सिनॉप्सिस मंजूर होताच लिहावे, तेव्हा सगळे ताजे असते. मग निकाल, मग चर्चा, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. चर्चेत आधीच्या अभ्यासांची यादी देऊ नये. आपला आकडा त्यांच्याहून वेगळा का आला याचे कारण शोधावे. पाहणीच्या अभ्यासासाठी स्ट्रोब आणि ट्रायलसाठी कन्सॉर्ट ही तपाससूची समोर ठेवून प्रत्येक मुद्दा कोणत्या पानावर आला ते लिहावे.

संदर्भ क्रमांकानुसार व्हँकूव्हर पद्धतीने द्यावेत. एआय साधनाकडून संदर्भ मागितले तर लेखक, नियतकालिक, वर्ष सगळे खरे वाटणारे आणि अस्तित्वातच नसलेले लेख मिळू शकतात; प्रत्येक संदर्भ पबमेडवर उघडून पाहिल्याशिवाय सूचीत घेऊ नये.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे टक्केवारी वाढेल तशी कारवाई कडक होत जाते. आपल्या संस्थेची मर्यादा वेगळी असू शकते. साम्य कमी करण्यासाठी शब्दांच्या जागी समानार्थी शब्द टाकत बसल्यास वाक्ये हास्यास्पद होतात. लेख वाचावा, बंद करावा, आणि मग लिहावे.

## टप्पा १०: प्रत जमा करताना

बाइंडिंगला देण्याआधी एकदा उलट्या क्रमाने वाचावे: निष्कर्षातला प्रत्येक आकडा तक्त्यात आहे का, तक्त्यातली बेरीज २४६ होते का, आणि शीर्षक एथिक्स कमिटीच्या पत्रातल्या शीर्षकाशी शब्दशः जुळते का. शीर्षकातला एक शब्द बदललेला असल्यामुळे प्रत परत आल्याचे मी पाहिले आहे. परिशिष्टात एथिक्स कमिटीचे पत्र, सीटीआरआय क्रमांक असल्यास तो, दोन्ही भाषांतील संमतिपत्र, प्रोफॉर्मा, संकेतसूची आणि मास्टर चार्ट लावावा. मास्टर चार्टमध्ये नावे किंवा केस पेपर क्रमांक राहिले नाहीत ना, हे छपाईनंतर नव्हे, आधी पहावे.

गाइड आणि विभागप्रमुखांच्या सह्यांसाठी किमान दहा दिवस राखून ठेवावेत. परिषदा, परीक्षक म्हणून बाहेरगावचे दौरे आणि रजा या सगळ्या नेमक्या त्याच आठवड्यात येतात. भरलेले मूळ प्रोफॉर्मा आणि संमतिपत्रे रद्दीत न देता विभागात, यादी करून आणि पोच घेऊन जमा करावीत.